आधी पाठ, मग पडदा : प्राथमिक शाळांसाठी डिजिटल साधने निवडणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
प्राथमिक शाळांसाठी डिजिटल साधनांची निवड, खरेदी आणि वापराचे नियम ठरवणारे सर्व अधिकारी, संस्थाचालक आणि मुख्याध्यापक यांस,

सविनय नमस्कार.

मी प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवते. वर्गातला पडदा, टॅब, प्रोजेक्टर, ध्वनिमुद्रण, ऑनलाइन व्हिडिओ ही सगळी साधने मी वापरते आणि पुढेही वापरणार आहे, त्यामुळे या पत्राकडे यंत्रांना कंटाळलेल्या शिक्षिकेची तक्रार म्हणून पाहू नये, ही पहिली विनंती. माझे म्हणणे निर्णयाच्या क्रमाविषयी आहे. आज बहुतेक ठिकाणी आधी साधन ठरते, मग ते शाळेत येते, मग त्याचा वापर किती झाला याची विचारणा होते आणि सर्वांत शेवटी शिक्षक त्या साधनात बसेल असा पाठ शोधू लागतो. हा क्रम उलटा करावा, म्हणजे मुले नेमकी कुठे अडतात हे आधी पाहावे आणि त्या अडचणीला उपयोगी पडेल तेवढेच साधन निवडावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एक उदाहरण तपशिलात सांगते, कारण या विषयावरच्या चर्चा तपशिलाअभावी फार लवकर हवेत जातात. तिसरीच्या वर्गात ५०२ मधून २४७ वजा करायचे आहेत. उत्तर २५५. वर्गात हमखास दोन चुकीची उत्तरे येतात. एक मूल ३४५ लिहिते. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो: सातातून दोन गेले पाच, चारातून शून्य गेले चार, पाचातून दोन गेले तीन. वरच्या संख्येतून खालची वजा करायची आहे, हेच त्याच्या मनात पक्के झालेले नाही. दुसरे मूल २६५ लिहिते. त्याला दशक सुटा करायचा असतो हे कळले आहे, शतक सुटे करून दहा दशक आणायचे हेही कळले आहे, पण त्या दहा दशकांतला एक एककाच्या घरात गेल्यामुळे तिथे नऊच उरले, एवढे त्याच्या हातून राहून गेले आहे. ही दोन मुले एकमेकांपासून फार दूर उभी आहेत. पहिल्याला वजाबाकीचा अर्थच पुन्हा काड्यांच्या गठ्ठ्यांनी समजावून द्यावा लागेल, तर दुसऱ्याला मांडणीत एका ठिकाणी बोट ठेवून दाखवले तरी पुरते. सरावाचे जे ॲप आमच्या हाती दिले जाते, ते दोघांनाही तीच लाल फुली दाखवते, तोच आवाज काढते आणि दोघांनाही नवे उदाहरण देते. चार पर्याय दिलेले असतील तर काम आणखी बिघडते, कारण फुली आली की दुसऱ्या पर्यायावर बोट, पुन्हा फुली आली की तिसऱ्यावर, असे करत मूल चांदणीपर्यंत पोचते आणि नोंदीत उदाहरण सुटलेले दिसते.

याच पाठात डिजिटल साधनाने केलेली खरी मदतही मी पाहिली आहे. कागदावरचा मजकूर पडद्यावर मोठा दाखवणारा कॅमेरा, किंवा तो नसेल तर स्टँडवर लावलेला साधा फोन आणि प्रोजेक्टर, एवढ्याने काम होते. मुलाची वही तशीच पडद्यावर येते, नाव झाकून. मग वर्गाला एकच प्रश्न विचारायचा: या मुलाने काय विचार केला असेल? मुले मांडणी वाचू लागतात, कुणी म्हणते की याने शून्यावर दहा लिहिले पण ते खोडून नऊ केले नाहीत, कुणी पुढे येऊन काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवते. चुकीकडे लाजण्याची गोष्ट म्हणून न पाहता उलगडण्याची गोष्ट म्हणून पाहायला मुले शिकतात. फळ्यावर मी तीच वजाबाकी पुन्हा लिहून दाखवली असती तर ती माझ्या अक्षरातली, माझी झाली असती; पडद्यावर मुलाचे स्वतःचे अक्षर, त्याची खाडाखोड, त्याने कुठे पेन्सिल दाबली हे सगळे दिसते. हे साधन सरावाच्या ॲपपेक्षा साधे आहे, त्याला इंटरनेट लागत नाही, मुलाची कुठलीही माहिती कुणाकडे जात नाही आणि ते पूर्णपणे शिक्षकाच्या हाती राहते. तरीही खरेदीच्या याद्यांमध्ये ते क्वचितच वर असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नव्या साधनावर मोठी आशा ठेवण्याची सवय आजची नाही. चित्रपटांमुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत शाळांचे रूप पालटेल, असे थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये म्हटले होते. त्यानंतर रेडिओ आला, मग दूरचित्रवाणी आली, १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्लेटो ही संगणकावर धडे देणारी यंत्रणा सुरू झाली. आपल्या देशात १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांपर्यंत दूरचित्रवाणी नेणारा साइट हा प्रयोग झाला, त्यात सकाळच्या वेळी शाळकरी मुलांसाठी खास कार्यक्रम असत. त्या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की मुलांच्या कार्यक्रमांबरोबरच त्यात प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान प्रशिक्षणाचाही मोठा भाग होता. पडद्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला तयार केल्याशिवाय पडद्याचा उपयोग होणार नाही, हे तेव्हाच्या योजनाकारांना उमगले होते.

पेरू देशाचा अनुभव तर प्रत्येक खरेदी समितीने वाचावा असा आहे. तिथे ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या कल्पनेनुसार लाखो लॅपटॉप शाळांमध्ये वाटण्यात आले. ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. मुलांच्या हाती संगणक आले, त्यांचा वापर वाढला, सामान्य बौद्धिक कौशल्यांच्या काही चाचण्यांत थोडा फरकही दिसला, पण गणित आणि भाषा या विषयांतील गुणांवर परिणाम आढळला नाही. यंत्र नादुरुस्त होते किंवा मुले निर्बुद्ध होती असा याचा अर्थ नव्हे. वर्गात काय शिकवायचे आणि कसे शिकवायचे यात बदल न करता केवळ वस्तू वाटल्या, तर वस्तूंची संख्या वाढते, एवढाच त्याचा अर्थ.

याच्या उलट दिशेचे एक काम खूप आधी झालेले आहे. १९६७ मध्ये सीमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॅलेस फॉयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. पुढे त्यात पडद्यावर एक कासव आले. मूल त्या कासवाला सूचना देते: इतकी पावले पुढे जा, इतक्या अंशांत उजवीकडे वळ. चौकोन काढायचा तर चार वेळा ९० अंशांत वळावे लागते; त्रिकोणासाठी मूल ६० अंश सांगते आणि कासव भलतीकडेच जाते, कारण वळण्याचा कोन बाहेरचा, म्हणजे १२० अंशांचा असतो. आता मूल स्वतः उठून वर्गात चालून पाहते, वळते, पुन्हा बसून आकडा बदलते. इथे संगणक मुलाला प्रश्न विचारत नाही, मूल संगणकाला कामाला लावते, आणि चूक झाली की ती लाल फुलीने कळत नाही, वाकड्या आकृतीने कळते. २००७ मध्ये आलेले स्क्रॅच आणि त्याहून लहान मुलांसाठी २०१४ मध्ये आलेले स्क्रॅच ज्युनियर हे याच विचाराचे पुढचे टप्पे, आणि दोन्ही मोफत उपलब्ध आहेत. साधन निवडताना समितीने हा एकच प्रश्न विचारला तरी निम्म्या वस्तू यादीतून आपोआप गळतील: यात मूल काय करते? पाहते, टिचकी मारते, की काही घडवते?

व्हिडिओंबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण ऑनलाइन माध्यमांतले हेच सर्वांत जास्त वापरले जाणारे साहित्य आहे आणि माझ्या मते सर्वांत चुकीच्या पद्धतीने वापरले जाणारेही आहे. बी रुजण्याचा पाठ घ्या. काही दिवसांची वाढ अर्ध्या मिनिटात दाखवणाऱ्या चित्रफिती सहज मिळतात आणि त्या खरोखर सुंदर असतात. मूळ आधी खाली जाते, मग खोड कमानीसारखे वाकून माती फोडते, हे डोळ्यांना एरवी दिसणे शक्यच नाही. पण ही चित्रफीत पहिल्याच दिवशी पूर्ण दाखवली, तर ओल्या कापसावर ठेवलेल्या बीकडे पाहायला मुलांजवळ कारणच उरत नाही. आम्ही आधी बी भिजवतो, रोज तिचे चित्र वहीत काढतो आणि चित्रफीत मूळ बाहेर येण्याच्या क्षणाआधी थांबवतो. मुलांनी सांगायचे की पहिल्यांदा काय बाहेर येईल आणि कुठल्या दिशेला जाईल. बहुतेक मुले पान म्हणतात. मग दोन-तीन दिवस बीच त्यांना उत्तर देते आणि त्यानंतर आम्ही उरलेली चित्रफीत पाहतो. एकदा एका मुलीने विचारले की आपली बी व्हिडिओतल्यासारखी हलत का नाही, आणि त्या प्रश्नातून वेळ दाबून दाखवणे म्हणजे काय यावर अख्खी तासिका झाली. ऑनलाइन माध्यमांचा जो अभ्यास मोठ्या इयत्तांसाठी राखून ठेवलेला असतो, तो दुसरीतही असा सुरू होऊ शकतो.

चित्रफीत थांबवणे ही लहानशी कृती आहे, पण तीवर शिक्षकाचा ताबा असणे फार गरजेचे आहे. शब्द आणि चित्रे एकत्र वापरून कसे शिकवावे यावर रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे संशोधन केले आहे. त्यातून वारंवार दिसून आलेली गोष्ट अशी की पाठाशी संबंध नसलेली आकर्षक भर, म्हणजे मागे वाजणारे संगीत, मधूनच नाचणारे पात्र, गमतीची पण अप्रस्तुत माहिती, शिकणे वाढवत नाही, उलट कमी करते; आणि तोच आशय लहान भागांत, शिकणाऱ्याच्या गतीने थांबत थांबत दिला तर अधिक समजतो. आमच्यापुढे येणारे कितीतरी बालसाहित्य याच्या नेमके उलट बनवलेले असते. त्यातच चित्रफीत संपली की पुढची आपोआप सुरू होते आणि मध्ये जाहिरात येते. सात वर्षांच्या मुलांपुढे अनोळखी जाहिरात अचानक उमटण्याची जोखीम कोणत्याही शाळेने घेऊ नये. म्हणून ऑनलाइन साहित्य आधी उतरवून, तपासून, इंटरनेटशिवाय दाखवता येईल अशी सोय असणे ही माझ्या दृष्टीने किमान अट आहे.

आता वाचन आणि लेखन. पहिली-दुसरीचा सगळा डोलारा या दोन गोष्टींवर उभा असतो, त्यामुळे इथे सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी. कागदावरचे वाचन आणि पडद्यावरचे वाचन यांची तुलना करणारे २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात १,७०,००० हून अधिक वाचकांची माहिती होती आणि आकलनाच्या बाबतीत कागद पुढे राहिला, विशेषतः माहितीपर मजकुरात आणि वेळेचे बंधन असताना. लहान मुलांविषयीचे चित्र याहून बारीक आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. १ ते ८ वर्षे वयाच्या मुलांवरील ३९ अभ्यासांचे विश्लेषण २०२१ मध्ये आले. तीच गोष्ट नुसती पडद्यावर आणली तर छापील पुस्तकाने मुलांना गोष्ट अधिक कळते. पण पडद्यावरची भर गोष्टीच्या आशयालाच मदत करणारी असेल, म्हणजे प्रसंगाकडे लक्ष वेधणारी किंवा पार्श्वभूमी समजावणारी असेल, तर डिजिटल पुस्तकही पुढे जाऊ शकते. तेव्हा सरसकट बंदी आणि सरसकट आग्रह हे दोन्ही या पुराव्याला धरून नाहीत. त्या विशिष्ट पुस्तकात दाबल्यावर काय होते, हे उघडून पाहण्याला पर्याय नाही.

लेखनाबाबत मात्र माझे मत ठाम आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरे हाताने काढायला दिली, काही कळ दाबून टंकायला आणि काही ठिपक्यांवरून गिरवायला. नंतर तीच अक्षरे पाहताना त्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली, तेव्हा वाचनाशी संबंधित भाग स्वतःच्या हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागे झाले. टंकलेल्या अक्षरांच्या वेळी तसे झाले नाही. देवनागरीत अक्षर घडवणे ही आणखी गुंतागुंतीची गोष्ट आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार हे अक्षराच्या चारही बाजूंना लागतात. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. जोडाक्षरात अर्धे अक्षर कुठे जाते हे हात हलवल्याशिवाय कळत नाही. हे सगळे ज्या वयात बसायला हवे, त्याच वयात आपण मुलांना रोमन कळा दाबून मराठी शब्द उमटवायला शिकवतो, तेव्हा ण आणि न, ळ आणि ल, ऱ्हस्व आणि दीर्घ हे भेद मुलाच्या हातातून निघून यंत्राच्या अंदाजावर जातात. यंत्र तीन पर्याय पुढे करते, मूल पहिल्याला हात लावते आणि ‘पानी’ लिहून पुढे जाते. टंकलेखन शिकवूच नये असे मी म्हणत नाही. हाताने लेखन पक्के झाल्यावर, चौथीच्या सुमारास, ते जरूर शिकवावे, आणि तेव्हा थेट देवनागरी कळफलकावर शिकवावे. इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. ज्या मुलाला बाराखडी येते त्याला ही रचना समजायला वेळ लागत नाही आणि टंकतानाही ते अक्षराचे घटक स्वतःच जोडत राहते.

ज्या एका डिजिटल वापराचा मी सर्वांत जास्त आग्रह धरीन तो ध्वनिमुद्रणाचा आहे. मूल एक उतारा मोठ्याने वाचते, आपण तो मुद्रित करतो आणि त्यालाच ऐकवतो. अडखळणारे मूल आपला आवाज ऐकताना पुस्तकावर बोट ठेवून बसते आणि स्वतःच म्हणते की इथे मी थांबायला नको होते, इथे मी ‘ते’ गाळले. मी सांगितलेली चूक आणि त्याने ऐकलेली चूक यांत फरक पडतो. पुन्हा वाचायला ते आपणहून तयार होते. जून महिन्यातले वाचन आणि मार्चमधले वाचन एकापाठोपाठ ऐकवले की पालकांनाही प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा जास्त कळते. वर्गात भाषेच्या निरनिराळ्या बोली असतात; मुलांनी घरच्या मोठ्या माणसांच्या तोंडून एखादी आठवण मुद्रित करून आणली, ती वर्गात सर्वांनी ऐकली आणि मग लिहून काढली, तर भाषेचा असा पाठ कुठल्याही तयार पॅकेजमध्ये मिळणार नाही. यासाठी नवी खरेदी जवळजवळ लागतच नाही, लागतो तो मुद्रणे जपून ठेवण्याचा आणि काम संपल्यावर पुसून टाकण्याचा स्पष्ट नियम.

या नियमाचा प्रश्न आला म्हणून मुलांच्या माहितीबद्दल. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी महामारीच्या काळात सुचवलेल्या शैक्षणिक उत्पादनांची तांत्रिक तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतली सुमारे नव्वद टक्के उत्पादने मुलांच्या माहितीबाबत त्यांचे हक्क धोक्यात आणतील अशा पद्धतीने वागत असल्याचे किंवा वागत असावीत असे त्यात आढळले. भारतात २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले आहे आणि मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट सांगितली आहे. परंतु वर्गात प्रत्यक्षात काय होते? साधन शाळेत येते, प्रत्येक मुलाचे खाते उघडायला सांगितले जाते आणि नाव, जन्मतारीख, पालकांचा फोन क्रमांक ही माहिती शिक्षक एका बैठकीत भरून टाकतो. ही माहिती कुठे जाते हे त्या शिक्षकाला कुणी सांगितलेले नसते आणि पालकांनी कशाला संमती दिली हे त्यांनाही ठाऊक नसते. प्राथमिक वर्गातल्या बहुतांश कामासाठी मुलाच्या नावाने खाते लागतच नाही. ज्या साधनाला ते लागते, त्याने ते का लागते हे लेखी सांगावे आणि उत्तर पटले नाही तर ते साधन नाकारावे.

शिक्षकाचा वेळ हा विषय खरेदीच्या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत टॅब वाटणे, पासवर्ड विसरलेल्यांना तो सांगणे, बॅटरी उतरलेले टॅब बाजूला काढणे, अद्ययावत करण्याची सूचना आलेल्या टॅबवर वाट पाहणे, शेवटी सगळे मोजून परत ठेवणे यात पहिली आणि शेवटची मिनिटे जातात, आणि मधल्या वेळात शिक्षक शिकवण्याऐवजी यंत्रे सांभाळत असतो. बंद पडलेल्या उपकरणाची जबाबदारी कुणाची हे ठरलेले नसल्यामुळे कित्येक ठिकाणी ती कपाटात सुरक्षित राहतात, आणि वापरून बिघडवल्याचा ठपका येण्यापेक्षा न वापरल्याचा ठपका शिक्षकाला परवडतो. प्रशिक्षण बहुधा कोणते बटण कुठे आहे एवढ्यावर संपते. अपूर्णांक शिकवताना हे साधन कोणत्या क्षणी बंद करावे, हे त्यात कुणी सांगत नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नोंदवले आहे की शैक्षणिक तंत्रज्ञानाची उत्पादने सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात आणि त्यांच्या उपयोगाबद्दलचे निःपक्ष पुरावे अपुरे आहेत. म्हणजे एखादे साधन शिक्षकाच्या हातात बसेपर्यंत ते बदललेले असते. स्वीडनसारख्या देशाने, जिथे शाळांचे डिजिटलीकरण फार पुढे गेले होते, २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांवर पुन्हा भर देण्याचा आणि त्यासाठी निधी देण्याचा निर्णय घेतला, तो या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा.

घरी करायच्या डिजिटल स्वाध्यायाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यात वादाला फारशी जागा नाही. २०२० मध्ये शाळा बंद असताना जगातल्या किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत दूरशिक्षण पोचू शकले नाही, असा युनिसेफचा अंदाज होता. शाळा उघडल्या म्हणून त्या मुलांच्या घरी उपकरणे आली असे झालेले नाही. घरात एकच फोन असतो, तो कामावर जाणाऱ्या माणसाबरोबर बाहेर जातो आणि रात्री परत येतो. तेव्हा सात वर्षांच्या मुलाने झोपायच्या वेळी पडद्यावर स्वाध्याय सोडवावा अशी अपेक्षा आपण करतो. प्राथमिक वर्गांसाठी पडद्यावरचा गृहपाठ पूर्णपणे थांबवावा, असे माझे मत आहे. डिजिटल काम शाळेतच, शिक्षकासमोर आणि सर्वांना सारख्या साधनावर व्हावे.

आता वापराच्या मोजमापाविषयी. सध्या आमच्याकडून मागवल्या जाणाऱ्या तक्त्यांमध्ये किती मिनिटे वापर झाला, किती चित्रफिती पाहिल्या, किती मुलांनी लॉगिन केले हे रकाने असतात. जे मोजले जाते तेच वर्गात घडू लागते, आणि मग पाठाला गरज नसतानाही पडदा सुरू राहतो. वर वर्णन केलेल्या बी रुजण्याच्या पाठात पडदा आठवड्याभरात जेमतेम पाच मिनिटे लागला. त्या तक्त्यात तो पाठ नापास ठरेल. वजाबाकीच्या पाठात एकाही मुलाने लॉगिन केले नाही. त्याऐवजी महिन्यातून एका पाठाबद्दल शिक्षकाने अर्धे पान लिहावे: मुले कुठे अडली होती, कोणते साधन का वापरले, ते केव्हा बंद केले आणि त्यानंतर मुलांच्या वहीत काय दिसले. अशी टिपणे एका केंद्रातल्या शिक्षकांनी एकमेकांना वाचून दाखवली, तर पुढच्या खरेदीसाठी समितीला विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा भरवशाचा आधार मिळेल.

या सगळ्यातून आपल्याकडे माझे मागणे असे आहे. पुढील शैक्षणिक वर्षाच्या खरेदीआधी प्रत्येक प्रस्तावासोबत विषय, इयत्ता आणि मुलांची नेमकी अडचण लिहिलेली असावी, आणि ती वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षकांनी लिहिलेली असावी. कोणतेही साधन आधी काही वर्गांत एक पूर्ण सत्र वापरून पाहावे, आणि ते नाकारण्याचा अधिकार त्या शिक्षकांना खरोखर असावा. खरेदीच्या रकमेतच दुरुस्ती, सुटे भाग आणि प्रशिक्षण यांचा वाटा धरलेला असावा. हे तिन्ही परवडत नसेल तर उपकरणांची संख्या कमी करावी. पाठाची डिजिटल तयारी करण्यासाठी शाळेच्या वेळेतच आठवड्यातून एक तासिका राखून ठेवावी, कारण चित्रफीत शोधणे, पूर्ण पाहणे, चुका तपासणे आणि थांबण्याच्या जागा ठरवणे हे काम शाळा सुटल्यावर घरी होणार हे गृहीत धरणे शिक्षकांवर अन्यायाचे आहे. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या आणि मुलांचे खाते न मागणाऱ्या साधनांना प्राधान्य द्यावे. पहिली आणि दुसरीत हस्तलेखनाच्या व छापील पुस्तकांच्या वेळेला कोणत्याही डिजिटल उपक्रमाने हात लावू नये. यातल्या कोणत्याही मागणीसाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. काही मागण्यांनी तर खर्च कमीच होईल.

निर्णयापूर्वी समितीच्या सदस्यांनी दुसरी किंवा तिसरीच्या एखाद्या वर्गात सलग काही तासिका बसून डिजिटल पाठ पाहावा आणि नंतर मुलांच्या वह्या मागवून घ्याव्यात, ही शेवटची विनंती. अशा भेटीसाठी आमच्यासारख्या शिक्षकांचे वर्ग कधीही खुले आहेत. आधी कळवण्याची आणि मुलांकडून काही बसवून घेण्याची आवश्यकता नाही. या पत्रातील ज्या मुद्द्यांशी आपण सहमत नसाल, त्यांवर लेखी उत्तर मिळाल्यास ते आम्ही शिक्षक एकत्र बसून वाचू आणि आमचे म्हणणे वर्गातल्या उदाहरणांसह पुन्हा आपल्यापुढे ठेवू.

आपली विश्वासू,
प्राथमिक वर्गांना शिकवणारी एक शिक्षिका